सुकलेले पान

कीटक खाणाऱ्या वनस्पतींचा विषय निघाला, की लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. ही झाडे माशी कशी पकडतात? आत बोट घातले तर चावतात का? माझ्या घरी अशा झाडांच्या अकरा कुंड्या आहेत. गेल्या नऊ वर्षांत हे दोन प्रश्न मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. पण खरे सांगायचे तर या झाडांजवळ माझा जो वेळ जातो, त्यात माशीचा वाटा फार थोडा असतो. माशी पकडायचे काम झाडे आपली आपण करतात. माझ्याकडे दोनच कामे उरतात. एक पाणी घालणे आणि दुसरे सुकलेली पाने काढणे. पाणी घालणे सोपे आहे. नळाचे पाणी घालायचे नाही, साठवलेले पावसाचे पाणी घालायचे, एवढे पथ्य पाळले की झाले. पाने काढणे मात्र तितके सोपे नाही.

त्यात अवघड ते काय, असे तुम्ही म्हणाल. पान सुकले, कात्री घेतली, कापले, टाकले. गुलाबाच्या आणि जास्वंदीच्या कुंडीत मीही असेच करते. या झाडांचे तसे नाही. इथे सुकलेले कोणाला म्हणावे, हेच आधी ठरवावे लागते.

मी साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या गच्चीच्या एका कोपऱ्यात, सकाळचे ऊन येते त्या बाजूला, एक लाकडी बाक आहे. त्यावर या कुंड्या मांडल्या आहेत. त्यांत तीन प्रकारची झाडे आहेत. पहिली घटपर्णी. तिच्या पानाचे टोक दोरीसारखे लांबत जाते आणि त्या दोरीच्या शेवटी झाकण असलेला एक घडा लोंबतो. घड्याच्या काठावर गोड रस असतो आणि काठ ओला झाला की कमालीचा निसरडा होतो. मुंगी गोडाच्या लोभाने येते, तिचा पाय घसरतो आणि घड्याच्या तळाशी असलेल्या पाचक रसात तिचा शेवट होतो. दुसरी व्हीनस फ्लायट्रॅप. हिचे पान उघड्या शिंपल्यासारखे दिसते. शिंपल्याच्या आतल्या बाजूला मोजके बारीक केस असतात. त्या केसांना साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा धक्का लागला, की शिंपला झटकन मिटतो. एकाच धक्क्याने तो मिटत नाही. वाऱ्याने उडून आलेल्या काडीकचऱ्यासाठी मेहनत कोण करणार? तिसरी सारासेनिया. हिची पाने जमिनीतून तुतारीसारखी सरळ उभी राहतात. तुतारीत उतरलेल्या माशीला पुन्हा वर चढता येत नाही.

घडा, शिंपला आणि तुतारी यांना पाहून पुष्कळांना ती फुले वाटतात. ती फुले नाहीत. ती पानेच आहेत. आणि पान म्हटले की त्याचे मूळ काम आलेच. ही झाडे कीटक खाऊन पोट भरतात, असा एक समज आहे. वस्तुतः आंब्याचे किंवा कडुलिंबाचे झाड जसे सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करते, तशीच हीसुद्धा करतात. ती ज्या जमिनीत वाढतात, तिच्यात कस नसतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांची तिथे वाण असते. ती उणीव कीटकांमधून भरून निघते. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पुढे १८७८ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस याने एका प्रयोगाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याने दवबिंदू नावाच्या कीटकभक्षक रोपांचे दोन भाग केले होते. एका भागातील रोपांना मांसाचे बारीक कण दिले, दुसऱ्या भागाला काहीच दिले नाही. उपाशी रोपेही जगली. पण ज्यांना खायला मिळाले, त्यांनी कितीतरी अधिक बी धरले.

म्हणजे या झाडांच्या पानाकडे दोन कामे असतात. एक शिकारीचे आणि दुसरे अन्न तयार करण्याचे. ही दोन कामे एकाच दिवशी संपत नाहीत, आणि कात्री हातात घेणाऱ्याची सारी अडचण इथेच सुरू होते.

घटपर्णीचा घडा पाहा. तो उघडल्यापासून कित्येक महिने काम करतो. मग एक दिवस त्याचे झाकण कडेने तपकिरी होऊ लागते. झाकण वाळते, काठ वाळतो, वरचा तिसरा हिस्सा कागदासारखा होतो. घरी आलेला पाहुणा हमखास म्हणतो, "हा काढून टाका हो, वाईट दिसतो." दिसायला तो वाईट दिसतो, हे खरे आहे. पण त्याचा खालचा भाग अजून हिरवा असतो. त्या भागात रस असतो, रसात गेल्या महिन्यातल्या मुंग्या असतात आणि त्यांचे पचन चालू असते. वरून मेलेला आणि खालून कामात असलेला असा तो घडा असतो. तो पुरता वाळून हलका झाला, की मग दोरीपासून कापायचा. तेव्हासुद्धा दोरीच्या मागचे हिरवे पान कापायचे नाही. ते आणखी वर्षभर झाडाला अन्न पुरवते. व्हीनस फ्लायट्रॅपचेही असेच आहे. तिचा एकेक शिंपला तीन-चार वेळा शिकार करतो आणि मग काळा पडतो. तो काळा पडला तरी त्याचा रुंद हिरवा देठ जिवंत असतो. तेव्हा काढायचा तो शिंपला. देठ ठेवायचा.

पिवळ्या पानाची गोष्ट तर आणखी निराळी. पान पिवळे पडत असते तेव्हा झाड त्यातले सत्त्व थोडे थोडे करून परत आपल्या अंगात घेत असते. घर सोडून जाणारे भाडेकरू सामान हलवतात, तसे ते चाललेले असते. अशा वेळी घाईने पान तोडले, तर झाडाचे नुकसान होते. सामान हलवू द्यावे आणि मग कुलूप लावावे.

हे सगळे पुस्तकात वाचायला मिळते. पण माझ्या हाताला या कामाचे वळण लागले ते माझ्या वडिलांमुळे.

आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी शेहेचाळीस वर्षे शिंपीकाम केले. साताऱ्यात त्यांचे लहानसे दुकान होते. दुकान म्हणजे काय, तर एक शिवणयंत्र, एक कापायचे टेबल आणि भिंतीला टांगलेली मापांची वही. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हातांना कंप सुटला. सुईत दोरा जाईना. काज वाकडे होऊ लागले. अण्णा कोणाला काही बोलले नाहीत. एका शनिवारी त्यांनी गिऱ्हाइकांचे उरलेले कपडे शेजारच्या शिंप्याकडे पोचते केले, दुकानाची किल्ली मालकाला दिली आणि ते आमच्याकडे राहायला आले. बरोबर शिवणयंत्र आणि दोन कात्र्या आणल्या. एक मोठी कापडाची आणि एक बोटभर लांबीची, दोरे कापायची.

पहिले काही महिने ते खिडकीपाशी बसून राहत. वर्तमानपत्र वाचून झाले, की दिवस संपतच नसे. एका रविवारी मी गच्चीवर पाने काढत होते. ते हळूहळू जिना चढून वर आले आणि बाकाशेजारी खुर्ची घेऊन बसले. बराच वेळ बघत राहिले. मग खिशातून ती छोटी कात्री काढून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "हिने काप. तुझी कात्री स्वयंपाकघरातली आहे. तिने पान चिरडतं, कापलं जात नाही."

त्यांचे म्हणणे रास्त होते. चिरडलेल्या देठावर बुरशी लवकर धरते. या झाडांना ओलावा लागतो आणि ओलाव्यात मेलेले पान पडून राहिले, की त्यावर करडी बुरशी येते. ती आधी मेलेल्या पानावर असते, मग शेजारच्या जिवंत कोंबावर जाते. मेलेली पाने काढायची ती मुख्यतः यासाठी. शोभा हे दुय्यम कारण झाले. म्हणून कात्री धारदार हवी, आणि एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत जाताना ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसून घ्यायला हवी.

त्या दिवसापासून आमची कामाची वाटणी ठरून गेली. अण्णा बघणार आणि सांगणार, मी कापणार. शिंप्याची नजर फार बारीक असते. कापडावर कुठे धागा सुटला आहे, कुठे विरले आहे, हे त्याला लांबून दिसते. अण्णा कुंडी गोल फिरवत आणि एकेका पानावर बोट ठेवत जात. "हे गेलं. हे गेलं. हे राहू दे, अजून कामात आहे." सारासेनियाच्या तुताऱ्या हिवाळ्यात वरून वाळत येतात आणि खाली हिरव्या राहतात. त्या कापताना मी हिरव्या रेषेच्या अगदी जवळ कात्री नेली, की अण्णा म्हणायचे, "माया ठेव."

शिंपीकामात शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. मुलगा वाढला, सदरा आखूड झाला, की शिवण उसवून ही माया बाहेर काढता येते. पानाला माया ठेवायची म्हणजे वाळलेल्या भागाची बारीकशी पट्टी शिल्लक ठेवून कापायचे. हिरव्यात कात्री गेली तर तिथे नवी जखम होते आणि पान पुन्हा तिथून मागे वाळत जाते. परदेशांत अशी झाडे वाढवणारे लोकही हीच काळजी घ्यायला सांगतात. अण्णांनी त्यांचे काहीच वाचलेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला होता. जेवताना तो म्हणाला, "ताई, ते शिवणयंत्र आता देऊन टाकू या. भंगारवाला बरे पैसे देईल. उगीच जागा अडते." तो वाईट हेतूने बोलला नाही. आमचे घर दोन खोल्यांचे आहे आणि यंत्र दाराजवळ आहे. येता-जाता सर्वांचेच गुडघे त्याला लागतात. मी अण्णांकडे पाहिले. ते खाली मान घालून जेवत होते. त्यांनी कढी मागून घेतली, एवढेच.

दुपारी सगळे झोपले असताना मला यंत्राचा आवाज आला. अण्णांनी त्याला तेल दिले होते, पट्टा बसवला होता आणि ते एका जुन्या चादरीच्या तुकड्यावर शिलाई घालत होते. सुईत दोरा मला ओवून द्यावा लागला. काज त्यांना जमणार नव्हते, कॉलर जमणार नव्हती. पण सरळ शिलाईत कापड यंत्रच पुढे ओढते. दोन्ही तळहात कापडावर दाबून ठेवले, की कंपही थोडा दबतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी चार पिशव्या शिवल्या. भाऊ जाताना त्यांतल्या दोन घेऊन गेला. यंत्राचा विषय पुन्हा निघाला नाही. आता आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे अण्णांच्या कापडी पिशव्या असतात. त्यांतल्या एखादीची शिवण जराशी वाकडी असते, पण ती उसवत नाही.

थंडीचे दिवस या कामात सर्वांत कठीण. साताऱ्यात डिसेंबरमध्ये रात्री पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो. व्हीनस फ्लायट्रॅप तेव्हा झोपेच्या तयारीला लागते. मोठे शिंपले एकामागून एक काळे पडतात. नवे येतात ते अगदी लहान, जमिनीला चिकटलेले. काही झाडांवर तर दोन-तीनच पाने उरतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पुण्याच्या एका प्रदर्शनातून असे झाड आणले होते. जानेवारीत ती कुंडी घेऊन माझ्याकडे आली. कुंडीत काळ्या पानांचा नुसता गुंता होता. "बाई, माझं झाड मेलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी कुंडी अण्णांपुढे ठेवली. अण्णांनी तिला शेजारी बसवले आणि ती छोटी कात्री तिच्याच हातात दिली. पान आधी हलकेच बाजूला ओढून पाहायचे. सहज हातात आले तर ते मेलेले. अडले तर ओढायचे नाही, कापायचे. जोर लावला तर पानाबरोबर जमिनीतला पांढरा कंदही उपटून येतो. मुलीने एकेक काळे पान काढले. त्याला अर्धा तास लागला. शेवटी मधोमध लसणीच्या पाकळीएवढा एक पांढरा भाग उघडा पडला. तो बोटाला टणक लागत होता. मेलेला कंद मऊ आणि तपकिरी होतो. "आता पाणी थोडं कमी घाल आणि वाट बघ," अण्णा म्हणाले. "किती दिवस?" तिने विचारले. अण्णांनी माझ्याकडे बोट दाखवले. हे माझ्या खात्याचे होते. मी म्हटले, "फेब्रुवारी संपेपर्यंत." फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती शाळेच्या फाटकातूनच ओरडत आली. कंदाच्या मध्यातून गुंडाळलेले एक हिरवे टोक वर आले होते.

ही थंडीतली झोप या झाडाने आपल्या माहेराहून आणली आहे. त्याचे माहेर अमेरिकेत आहे. उत्तर कॅरोलिना आणि दक्षिण कॅरोलिना या दोन राज्यांच्या समुद्राजवळच्या प्रदेशात, विल्मिंग्टन शहराच्या आसपास, ते निसर्गतः वाढते. साऱ्या जगात दुसरीकडे कुठे ते मुळातले नाही. सारासेनियाच्या काही जातीही तिथल्याच. ओलसर, वाळूमिश्रित, निकस जमीन, त्यावर गवत आणि दूर दूर उभे असलेले पाइनचे उंच वृक्ष, असे तिथले रान असते. मी ते पाहिलेले नाही, पण त्याविषयी जेवढे वाचता आले तेवढे वाचले आहे. माझ्या मनात एक साधा प्रश्न होता. माझ्या अकरा कुंड्यांना कात्री लागते, तर त्या रानात ही वाळलेली पाने कोण काढते?

उत्तर वाचून मी चकित झाले. तिथे हे काम आग करते.

त्या रानांत वीज पडून किंवा तिथल्या मूळ रहिवाशांनी लावल्यामुळे दर काही वर्षांनी आग फिरत असे. ती उंच झाडांच्या शेंड्यांपर्यंत जात नसे. जमिनीलगतचे सुके गवत, झुडपे आणि सारासेनियाच्या वाळलेल्या तुताऱ्या तेवढ्या जाळून ती पुढे निघून जाई. कंद ओल्या मातीत सुरक्षित राहत. काही आठवड्यांत त्यांतून नवी पाने फुटत आणि वर सावली करणारे काही न उरल्यामुळे त्यांना भरपूर ऊन मिळे. विसाव्या शतकात माणसाने या आगी विझवायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता. पण आग थांबली, तशी झुडपे माजली. त्यांच्या सावलीत ही उन्हाची भुकेली झाडे गुदमरून गेली. लाँगलीफ पाइनची ही राने एके काळी सुमारे ९ कोटी एकरांवर पसरली होती. शेती, लाकूडतोड आणि आग बंद होणे, यांमुळे त्यांचा अगदी लहानसा हिस्सा उरला. आता त्या उरलेल्या रानांत प्रशिक्षित लोक वारा आणि ओलावा पाहून, ठरवून, मर्यादित आग लावतात. झाडे चोरणारांचा उपद्रव तर वेगळाच आहे. तो इतका वाढला, की उत्तर कॅरोलिनाने २०१४ मध्ये व्हीनस फ्लायट्रॅपची चोरी हा गंभीर गुन्हा ठरवला.

हा दाखला ऐकून आपल्याकडे कोणी डोंगरावर काडी ओढू नये. सातारच्या डोंगरांना उन्हाळ्यात वणवे लागतात, ते पुष्कळदा माणसाच्या निष्काळजीपणाने लागतात. त्यांत घरटी जळतात, रोपे जळतात. त्या पाइनच्या रानांना हजारो वर्षे आगीची सवय होती. आपल्या डोंगरांची गोष्ट वेगळी आहे.

आपल्या डोंगरांवरही कीटकभक्षक वनस्पती आहेत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर कासचे पठार आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचाही समावेश झाला. पावसाळा सरत आला, की तिथे निळ्या-जांभळ्या फुलांचा गालिचा पसरतो. त्यातली 'सीतेची आसवे' नावाची चिमुकली फुले सर्वांना आवडतात. ज्या रोपाला ती फुले येतात, ते ओल्या मातीत बारीक फुग्यांसारखे सापळे पसरून सूक्ष्म जीव पकडते. जवळच दवबिंदू असते. त्याच्या पानावरच्या केसांच्या टोकांशी चिकट थेंब चमकत असतात. दर सप्टेंबरमध्ये मी वर्ग घेऊन तिथे जाते. कात्री नेत नाही, आणि मुलांनाही काही तोडू देत नाही. पाऊस थांबला, की काही आठवड्यांत तिथल्या खडकावरची पातळ माती कोरडी पडते आणि ही नाजूक रोपे बी टाकून पुरती वाळतात. संबंध झाडच सुकलेले पान होते. ते काढायला कोणी लागत नाही. वारा आणि ऊन पुरेसे असतात.

गच्चीवर मात्र कोणी ना कोणी लागतेच. गेल्या पावसाळ्यात डासांची पाहणी करणारी एक आरोग्यसेविका आमच्याकडे आली होती. तिने टाकी पाहिली, कुंड्यांखालच्या बशा पाहिल्या आणि मग तिची नजर घटपर्णीच्या पाण्याने भरलेल्या घड्यांवर पडली. "हे सगळे ओतून टाका," ती म्हणाली. अण्णांनी तिला खुर्ची दिली आणि एक घडा तिरका करून आत पाहायला लावले. आत अर्धवट विरघळलेल्या मुंग्या होत्या, एक डासही होता. तिने आपली वही उघडली. वहीत टाकी, पिंप, कूलर, फुलदाणी, टायर असे रकाने होते. थोडा वेळ विचार करून तिने 'इतर' या रकान्यात चौदा लिहिले. पुढच्या फेरीत ती आपल्या मुलाला घेऊन आली.

अण्णांच्या हातांचा कंप आता वाढला आहे. जिना चढताना त्यांना एक हात धरावा लागतो. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी ते वर येतातच. मनगट कुंडीच्या काठावर टेकवले, की एखाद-दुसरे पान ते स्वतः कापतात. अशा वेळी मी दुसऱ्या कुंडीकडे बघत राहते.

कापलेले वाळके घडे मी लगेच टाकत नाही. शाळेत नेते. त्याच छोट्या कात्रीने घडा उभा चिरून भिंगाखाली ठेवला, की वर्गात एकदम शांतता पसरते. तळाशी काळा, भुसभुशीत थर असतो. मुले सुईच्या टोकाने तो सोडवतात. मऊ भाग सगळा झाडाने घेतलेला असतो. उरते ते टणक कवच. मुंग्यांची डोकी सर्वांत जास्त निघतात. मग भुंगेऱ्याचे चकचकीत पंख, गांधीलमाशीची नांगी, कधी एखाद्या पतंगाच्या पंखाचा तुकडा. कोणत्या थरात काय सापडले, ते मुले वहीत लिहितात. एकदा तळाच्या थरात नुसत्या मुंग्या आणि वरच्या थरात नुसती चिलटे निघाली. शेजारच्या अंगणातला आंबा पिकला तेव्हा चिलटे झाली असतील, असे एका मुलाने सुचवले. सर्वांना ते पटले.

मोजणी झाली, की उरलेला चुरा मी घरी परत आणते आणि गच्चीवरच्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी टाकते. तिथे लगेच मुंग्या जमतात. थोड्या वेळाने त्यांतल्या काही रांगेने निघतात आणि बाकाच्या पायावरून घटपर्णीकडे वर चढू लागतात.